वॉटर-कूल्ड कॅबिनेट: हवा खेळती ठेवा, धूळ कुठे बसेल ते तुम्ही ठरवा

लिक्विड कूलरमधलं पाणी उष्णता नाहीशी करत नाही. प्रोसेसरवरची उष्णता उचलून ते रेडिएटरपर्यंत नेतं, आणि तिथे ती शेवटी हवेलाच द्यावी लागते. रेडिएटरच्या पातळ पत्र्यांमधली फट जेमतेम मिलीमीटरभर असते. तिथे धुळीचा पापुद्रा बसला की कूलर कितीही महागाचा असो, तापमान चढत जातं. शिवाय हे पाणी फक्त प्रोसेसरच्या वाट्याला येतं. ग्राफिक्स कार्ड, रॅम, एसएसडी आणि प्रोसेसरला वीज पुरवणारा मदरबोर्डवरचा व्हीआरएम, हे सगळे हवेवरच अवलंबून असतात. साध्या टॉवर कूलरचा पंखा जाता जाता व्हीआरएमवरही थोडी हवा घालतो. लिक्विड कूलर बसवला की तीही बंद होते. त्यामुळे अशा कॅबिनेटमध्ये हवेचा विचार जास्तच करावा लागतो.

धुळीबद्दल एक गोष्ट आधीच मान्य करू. ती पूर्णपणे थांबवता येत नाही. पण ती कुठे साचेल हे आपल्याला ठरवता येतं. समोरच्या जाळीवर साचली तर दोन मिनिटांचं काम. पंखा आणि रेडिएटर यांच्या सांदीत साचली तर ती दिसतही नाही, आणि काढायला अर्धं मशीन खोलावं लागतं. पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागे हाच विचार आहे.

उदाहरणासाठी आपल्याकडे सर्रास दिसणारी मांडणी घेतो: समोर जाळी असलेलं मिड-टॉवर कॅबिनेट, पुढे १२० मिमीचे तीन पंखे, मागे एक, आणि २४० किंवा ३६० मिमीच्या रेडिएटरचा तयार संच, ज्याला दुकानात एआयओ म्हणतात.

पायरी १: काहीही हलवण्याआधी मोजा

एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर टाका. खोलीत एक साधा डिजिटल थर्मामीटर ठेवा. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, व्हीआरएम, पंख्यांचा वेग आणि संच दाखवत असेल तर द्रवाचं तापमान, एवढं वहीत लिहा. शेजारी खोलीचं तापमान लिहायला विसरू नका.

चाचणी किमान अर्धा तास चालू द्या. प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणाऱ्या सिनेबेंच आर२३ या सॉफ्टवेअरची नेहमीची फेरी १० मिनिटांची असते, पण पाणी सावकाश तापतं. पहिल्या पाच मिनिटांचे आकडे बघून खूश होण्यात अर्थ नाही. २० ते ३० मिनिटांनी द्रवाचं तापमान स्थिरावतं, तेव्हाचा आकडा खरा. तुम्ही मुख्यतः गेम खेळत असाल तर तुमचा सगळ्यात जड गेम अर्धा तास चालवा, तीच तुमची चाचणी.

आता प्रत्येक आकड्यातून खोलीचं तापमान वजा करा. उरतो तो फरक महत्त्वाचा. परदेशी परीक्षणांमधले आकडे बहुतेकदा २०-२५ अंशांच्या खोलीतले असतात. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पंख्याखालची खोलीही ३८ अंशांवर जाते. तिथे तुमचा प्रोसेसर त्या परीक्षणापेक्षा १५ अंशांनी गरम दिसला तर कूलर खराब नाही, खोली गरम आहे. मर्यादाही माहीत असू द्या: रायझन ७००० मालिकेतले बहुतेक प्रोसेसर ९५ अंशांना, ७८००एक्स३डी ८९ अंशांना आणि इंटेलचे १४व्या पिढीचे के मॉडेल १०० अंशांना स्वतःचा वेग कमी करू लागतात.

पायरी २: पंख्याचं तोंड ओळखा

पंख्याच्या एका बाजूला मोटर धरून ठेवणारे दांडे असतात आणि वायरही तिथूनच निघते. हवा त्या बाजूने बाहेर पडते. पाती मोकळी दिसतात ती ओढणारी बाजू. काही पंख्यांच्या चौकटीवर बाण कोरलेले असतात. हल्ली दिसायला छान म्हणून उलट पात्यांचे पंखेही मिळतात, त्यांच्यात हा नियम फिरतो. शंका आली तर टिश्यू पेपरची पट्टी धरून बघा. पट्टी चिकटली तर पंखा ओढतोय, उडाली तर फेकतोय.

रेडिएटरवर लावायचा पंखा दाब देणारा हवा. रेडिएटरच्या पत्र्यांमधून हवा ढकलायला जोर लागतो आणि नुसती भरपूर हवा फेकणारा पंखा तिथे दमतो. आर्क्टिकचा पी१२ यासाठी लोकप्रिय आहे: मिनिटाला १८०० फेऱ्यांना २.२ मिमी पाण्याइतका दाब देतो. नवा पंखा घेताना खोक्यावर हा दाबाचा आकडा बघा.

पायरी ३: रेडिएटर कुठे बसवायचा

यावरून पुष्कळ वाद होतात. माझं मत असं की आधी तुमच्या मशीनमध्ये जास्त उष्णता कोण तयार करतं ते बघा, मग जागा ठरवा.

थोडं गणित करू. कॅबिनेटमधून तासाला १०० घनमीटर हवा जात असेल आणि आत ३०० वॅट उष्णता तयार होत असेल, तर बाहेर पडणारी हवा खोलीपेक्षा साधारण ९ अंशांनी गरम असते. जाळ्या तुंबून हवा निम्मी झाली की हाच फरक १८-१९ अंशांवर जातो. आत बसलेला प्रत्येक भाग त्या हवेत राहतो.

गेमिंगच्या मशीनमध्ये आरटीएक्स ४०७० सारखं कार्ड २०० वॅट घेतं, ४०८० तर ३२० वॅट. त्याच वेळी प्रोसेसर बरेचदा १०० वॅटच्याही खाली असतो. मग ताज्या हवेवर पहिला हक्क कार्डाचा. रेडिएटर छताला, हवा वर फेकणारा. पुढचे तीन पंखे बाहेरची हवा थेट कार्डावर आणणारे. प्रोसेसरला थोडी गरम हवा मिळते, पण त्याचा भार कमी असल्याने चालून जातं. पंपासाठीही ही जागा सगळ्यात चांगली, ते का ते पुढे सांगतो.

व्हिडिओ रेंडरिंग, कोड कंपायलिंग अशी कामं असतील आणि कार्ड छोटं असेल तर उलट करा. रेडिएटर पुढे, बाहेरची हवा आत ओढणारा. प्रोसेसरला खोलीच्या तापमानाची हवा मिळते.

विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यासाठी एक जास्तीचा विचार. खोली ३८ अंश, त्यात कार्डाने तापवलेली हवा ८-९ अंशांनी जास्त, म्हणजे छतावरच्या रेडिएटरला ४६-४७ अंशांची हवा. द्रव त्याहून आणखी दहाएक अंश गरम. तयार संचांमध्ये द्रव ६० अंशांच्या आत राहावा अशी अपेक्षा असते, आणि आपण तिथे जवळजवळ पोचलो. अशा वेळी आणखी पंखे घेण्याआधी प्रोसेसरची वीज कमी करून बघा. रायझनच्या बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणारी मदरबोर्डची सेटिंग) इको मोड असतो. ६५ वॅटचा पर्याय निवडला की प्रोसेसर जास्तीत जास्त ८८ वॅटवर थांबतो. रोजच्या कामात वेगातला फरक सहसा जाणवत नाही, तापमानातला लगेच जाणवतो.

जागा आधी मोजून घ्या. रेडिएटर साधारण २७ मिमी, पंखा २५, मिळून ५२. वर बसवताना उंच रॅम आड येते, पुढे बसवताना लांब ग्राफिक्स कार्ड.

पंपाचा मुद्दा असा. प्रत्येक बंद संचात थोडी हवा असतेच आणि ती सगळ्यात उंच जागी जाऊन बसते. ती जागा रेडिएटरची टाकी असली पाहिजे, पंप नाही. बहुतेक संचांत पंप प्रोसेसरवर बसणाऱ्या भागात, म्हणजे ब्लॉकमध्ये असतो. म्हणून रेडिएटर कॅबिनेटच्या तळाला बसवू नका. पुढे उभा बसवला तर त्याचं वरचं टोक पंपापेक्षा उंच हवं, आणि नळ्या पुरत असतील तर नळ्यांची बाजू खाली ठेवा.

पायरी ४: पंखा रेडिएटरच्या पुढे की मागे, आणि स्क्रूचा धोका

रेडिएटर पुढे बसवताना बहुतेक जण पंखे बाहेरच्या बाजूला लावतात. दिसायलाही छान दिसतं. पण हवा रेडिएटरच्या ज्या तोंडाने शिरते तिथे धूळ बसते, आणि या मांडणीत ते तोंड पंख्यांमागे झाकलेलं असतं. पंखे आतल्या बाजूला लावून हवा ओढून घेतली तर तेच तोंड फ्रंट पॅनलच्या लगेच मागे येतं. पॅनल काढलं, ब्रश फिरवला, झालं. थंडाव्यात फरक नगण्य पडतो, साफसफाईत मात्र जमीन-अस्मानाचा. धुळीच्या घरात मी हीच मांडणी सुचवतो.

इथे सावध राहा. संचासोबत दोन प्रकारचे स्क्रू येतात. लांब स्क्रू २५ मिमीच्या पंख्यातून रेडिएटरमध्ये जाण्यासाठी, आखूड स्क्रू रेडिएटर थेट कॅबिनेटच्या पत्र्यावर लावण्यासाठी. मध्ये पंखा नसताना लांब स्क्रू पिळला तर तो रेडिएटरच्या आतल्या पाण्याच्या नळीत घुसतो आणि नवा कोरा संच गळायला लागतो. स्क्रू हाताने फिरायचा थांबला की जोर लावू नका. बाहेर काढा आणि लांबी बघा.

पायरी ५: आतला दाब तपासा

आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त असेल तर कॅबिनेटच्या फटींमधून हवा बाहेर ढकलली जाते. मग धुळीला आत यायला जाळी लावलेलीच वाट उरते. उलट असेल तर मागच्या स्लॉटच्या पट्ट्या, यूएसबीची भोकं, साइड पॅनलची कड, जिथे फट दिसेल तिथून हवा आत ओढली जाते, आणि या जागांना जाळी नसते.

नुसते पंखे मोजून हे कळत नाही. पुढचे तीन पंखे जाळीतून ओढतात म्हणून दमतात. मागचा एक मोकळा असतो आणि जोरात फेकतो. तीन आत, तीन बाहेर अशी मांडणी असेल तर बहुधा बाहेरची बाजूच जिंकते.

तपासायला उदबत्ती पुरते. मशीन चालू ठेवा, उदबत्ती पेटवून मागच्या स्लॉटच्या पट्ट्यांपासून दोन-तीन बोटं लांब धरा, खाली राख झेलायला ताटली. धुराची रेघ पट्टीकडे वळून आत शिरली तर दाब उलटा आहे. बाहेर झुकली तर बरोबर. साइड पॅनलच्या कडेलाही असंच बघा. एकदा मशीन रिकामं असताना आणि एकदा पूर्ण भारावर, कारण पंख्यांचे वेग बदलले की उत्तरही बदलतं. धूर आत शिरत असेल तर आधी मागच्या पंख्याचा वेग कमी करा. तरी भागलं नाही तर पुढच्यांचा वाढवा. एसएमपीएसचा (मशीनला वीज पुरवणारा डबा) पंखा या हिशोबात धरू नका; तो खालून हवा घेऊन मागे सोडतो, त्याची वाट वेगळी.

पायरी ६: जाळ्या आणि फटी

नियम एकच: हवा आत येते तिथे जाळी, बाहेर जाते तिथे नको. छतावर बाहेर फेकणारा रेडिएटर असेल तर तिथली चुंबकी जाळी काढून ठेवा आणि मशीन बंद असताना वर कापड टाका. सुरू करण्याआधी कापड काढायचं.

पुढच्या पॅनलला बारीक भोकांचा पत्रा असेल तर त्यामागे आणखी एक दाट नायलॉन जाळी लावायचा मोह टाळा. दोन्ही मिळून हवा अडवतात आणि आतला दाब पुन्हा उलटा होतो. गादीचा कापूस, केस, कपड्यांचे तंतू जाळीवर अडकतात. उदबत्तीची काजळी आणि सिमेंटची बारीक पूड पार होते. जाळीकडून तेवढीच अपेक्षा ठेवा.

मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या हरवल्या असतील तर नव्या लावा. रेडिएटर आणि कॅबिनेटचा पत्रा यांच्यात फट दिसत असेल तर दार-खिडक्यांना लावतात ती फोमची चिकटपट्टी लावून बुजवा. नाहीतर रेडिएटरमधून निघालेली गरम हवा कडेने फिरून पुन्हा त्याच रेडिएटरमध्ये शिरते.

पायरी ७: पंख्यांचा वेग

पंपाला कायम पूर्ण वेग किंवा उत्पादकाने सांगितलेला स्थिर वेग द्या. त्याची वायर मदरबोर्डवर 'एआयओ पंप' लिहिलेल्या जागी. एका हेडरवर (मदरबोर्डवर पंखा जोडायची जागा) बरेच पंखे जोडताना बेरीज बघा. बहुतेक हेडर १ अँपिअरपर्यंतच वीज देतात.

रेडिएटरचे पंखे द्रवाच्या तापमानावर चालले तर उत्तम. ती सोय नसेल तर प्रोसेसरच्या तापमानावर चालवा, पण बायोसमध्ये वेग बदलण्याआधीचा थांबा काही सेकंदांनी वाढवा. ब्राउझर उघडला तरी प्रोसेसर क्षणभर १५ अंश उसळतो. पाणी तोवर जागचं हललेलंही नसतं, आणि पंखे मात्र उगाच घरघरतात.

पुढच्या पंख्यांना प्रोसेसरशी बांधू नका. गेम खेळताना ताप ग्राफिक्स कार्डाचा असतो आणि मदरबोर्डला तो कळत नाही. 'फॅन कंट्रोल' नावाचं मोफत सॉफ्टवेअर कार्डाच्या तापमानावर कॅबिनेटचे पंखे चालवू देतं. मशीन शांत असतानाही पुढचे पंखे बंद पडू देऊ नका. ५००-६०० फेऱ्यांवर त्यांचा आवाज येत नाही आणि दाब टिकतो.

पायरी ८: कॅबिनेट ठेवायची जागा

जमिनीवर नको. रोज झाडू मारताना उडणारी धूळ थेट पुढच्या जाळीवर येते. वीतभर उंच स्टूल किंवा लाकडी पाट घ्या. जुन्या कॉम्प्युटर टेबलांमध्ये सीपीयूसाठी दाराचा कप्पा असतो. त्यात वॉटर-कूल्ड मशीन ठेवू नका, तिथे तीच गरम हवा फिरत राहते. मागे आणि वर वीतभर मोकळं हवं. खाली सतरंजी किंवा गालिचा असेल तर एसएमपीएसचं तोंड बंद होतं.

देवघर आणि स्वयंपाकघरापासून लांब ठेवता आलं तर ठेवा. फोडणीची वाफ आणि धूपाचा धूर यांनी धूळ चिकट होते आणि ब्रशने निघत नाही. उन्हाळ्यात खोली थंड करायला वाळ्याचा कूलर लावत असाल तर त्याचा झोत कॅबिनेटवर येऊ देऊ नका; ओलसर हवा आणि नव्या वाळ्याचे तंतू दोन्ही आत जातात. कोकणातल्या दमट हवेत नळ्यांवर पाणी साचेल का, असं खूप जण विचारतात. नाही साचत. रेडिएटर खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही, त्यामुळे बाहेरून दव धरायचा प्रश्न येत नाही. ओलाव्याने धुळीची ढेकळं होतात, त्रास तेवढाच.

पायरी ९: साफसफाई

मशीन बंद करा, भिंतीवरचं बटण बंद करा, वायर काढा आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा. मग कॅबिनेट गॅलरीत न्या.

जाळी उचलून खिडकीच्या उजेडात धरा. उजेड आरपार दिसत नसेल तर हवाही जात नाही. नळाखाली मागच्या बाजूने पाणी सोडा म्हणजे धूळ आली त्याच वाटेने निघेल. चिकट असेल तर भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. सावलीत पूर्ण वाळल्याशिवाय परत लावू नका. पुण्या-मुंबईत रस्त्यालगत घर असेल तर हे काम दर पंधरा दिवसांनी करा, इतरांना महिन्यातून एकदा पुरतं.

रेडिएटर बघायला टॉर्च घ्या आणि तिरका प्रकाश टाका. सरळ प्रकाशात पत्रे स्वच्छ वाटतात. तिरक्या प्रकाशात राखाडी, नमद्यासारखा थर दिसतो, कडेला दाट आणि पंख्याच्या मध्यासमोर विरळ. तो एका कडेने चिमटीत धरून हलकेच उचलला तर बरेचदा सलग सुटून येतो. उरलेल्यासाठी रंगकामाचा मऊ दोन इंची ब्रश, पत्र्यांच्या दिशेने, आडवा नाही. पत्रे इतके पातळ असतात की नखानेही वाकतात, आणि वाकलेल्या जागी हवा बंद.

ब्लोअर वापरायचा तर आतून बाहेर मारा आणि हातभर लांब धरा. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. झोताने पंखा त्याच्या नेहमीच्या वेगापेक्षा कितीतरी जोरात फिरतो, बेअरिंग खराब होतं आणि मोटर उलटी वीज तयार करते. गॅरेजमधला कॉम्प्रेसर नको. त्याच्या हवेत पाणी आणि तेल असतं. डब्यातली हवा वापरलीत तर डबा उभा धरा, आडवा केला की द्रव फवारला जातो. व्हॅक्यूम क्लीनर बाहेरच्या जाळ्यांपुरता ठीक; मदरबोर्डजवळ स्थिर विजेचा धोका असतो. धुळीसाठी प्रोसेसरवरचा ब्लॉक उघडायची गरज नाही, आणि उघडलाच तर थर्मल पेस्ट नव्याने लावावी लागेल.

आतली साफसफाई तीन-चार महिन्यांनी. त्यात दोन वेळा चुकवू नका: उन्हाळा लागण्याआधी आणि दिवाळीच्या आवराआवरीनंतर. घरात रंगकाम, पीओपी किंवा फरशीचं काम निघालं तर ते संपेपर्यंत मशीन बंद करून प्लास्टिकने गुंडाळून ठेवा. ती पूड कुठलीच जाळी अडवत नाही.

साफ करूनही तापत असेल तर

जाळी स्वच्छ, रेडिएटर स्वच्छ, आणि तरी वहीतल्या जुन्या आकड्यांपेक्षा फरक ८-१० अंशांनी वाढलेला, तर हवेकडून पंपाकडे वळा. पंपाच्या फेऱ्या बायोसमध्ये बघा. भारावर एक नळी चांगली गरम आणि दुसरी थंडच लागत असेल तर पाणी फिरत नाही. खळखळ आवाज येत असेल तर पंपात हवा अडकली आहे. मशीन बंद करून कॅबिनेट हलकेच तिरपं करा, हवा रेडिएटरकडे जाते. आवाज पुन्हा पुन्हा येत असेल तर द्रव कमी झालाय. रबरी नळ्यांमधून तो वर्षानुवर्षं थोडा थोडा उडतच असतो. तयार संच उघडून पाणी भरायच्या भानगडीत पडू नका. अनेक संचांवर पाच-सहा वर्षांची वॉरंटी असते आणि उघडल्याबरोबर ती जाते. बिल शोधा, मदरबोर्डच्या खोक्यात असण्याची शक्यता जास्त, आणि तारीख बघून आधी दुकानदाराला फोन करा.